एका दाराची वेस

चाओवानच्या वेशीला एकच दार आहे. दुसऱ्या बाजूला बिजागऱ्यांचे खड्डे तेवढे दिसतात. पाहुण्यांना वाटते, दार कुजून पडले असेल. तसे नाही. ते आम्हीच काढले.

सेनापती तुआन याच गावचा. एका साध्या सरदाराला त्याने लढाया जिंकून सम्राट केले. नवे घराणे गादीवर बसले, ते त्याच्या बळावर, असे सांगतात. पण चाओवानने जुन्या राजाला इमान दिले होते. दुष्काळात त्या राजाने इथे धान्य पाठवले होते म्हणे. गावाने वेस लावून घेतली आणि ती फोडायला सम्राटाने तुआनलाच पाठवले.

त्याची आई तटावर आली. त्याला घरच्या नावाने हाक मारून म्हणाली, "एवढे राज्य जिंकलेस, आलिन. आता आईचे दार तेवढे राहिले होय?"

त्याने तलवार खाली ठेवली. "दार उघड, आई. कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. माझा शब्द आहे."

त्या शब्दावर गावाने वेस उघडली.

मागोमाग सम्राटाचा दूत हुकूम घेऊन आला. गावाने विरोध केला होता, तेव्हा गावात एकही पुरुष जिवंत ठेवायचा नाही. तुआनने चिलखत उतरवले आणि तो वेशीच्या तोंडाशी जमिनीवर बसला.

"मीही इथलाच पुरुष आहे," तो म्हणाला. "माझ्यापासून सुरुवात करा."

दूत त्याचा जुना सोबती होता. "थट्टा पुरे, दादा. ऊठ."

"मी उठलो की तुझी माणसे आत जातील."

त्याला ओलांडून जायला एकही शिपाई तयार होईना. दूताने राजधानीकडे स्वार धाडला. उत्तर यायला बरेच दिवस लागले. तुआन उन्हात बसून राहिला. त्याला आसरा दिला असे सम्राटाच्या कानावर गेले तर काय, या भीतीने गावाने पुन्हा वेस लावली. आई पाणी घेऊन निघाली, तर शेजाऱ्यांनी तिला घरात कोंडले. वाईट माणसे नव्हती ती. त्यांनाही लेकरे होती.

उत्तर आले. त्या एकाचा जीव घेऊन बाकी गावाला माफी होती. सम्राटाला आपल्या सेनापतीचीच भीती वाटू लागली होती, असे जाणती माणसे सांगत. शिपायांनी डोळे मिटून हुकूम पाळला.

मग वेस उघडली. त्याला डोंगरावर न्यायला गावाने एक दार उतरवले आणि त्यावर त्याला निजवले. परत आल्यावर सुतार ते बसवायला निघाला, तेव्हा आई म्हणाली, "राहू दे. दोन्ही दारे होती, तेव्हा माझे पोर बाहेर बसले."

त्यानंतर ती गावात कुणाशी बोलली नाही म्हणे.

राजधानीत तुआनचा मोठा दगडी पुतळा आहे, हातात तलवार आहे, असे ऐकतो. मी पाहिलेला नाही. आमच्याकडे त्याचे चित्रही कुणी काढत नाही. काढायला बसले की हात अडतो.

पण आजही चाओवानच्या वेशीबाहेर कुणाला उभे ठेवत नाहीत. वसुलीवाला येवो, शिपाई येवो, भांडायला आलेला सोयरा येवो, आधी आत घेतात, पाणी देतात, मग नाव विचारतात. तुम्हीही केव्हाचे उन्हात उभे आहात. या, आत या.