शेवटचं ऊन

फार जुनी गोष्ट आहे; रस्त्यांना अजून नावं पडली नव्हती तेव्हाची. चार वाटा जिथं एकत्र येत, तिथं एक धर्मशाळा होती. एका संध्याकाळी दोन वाटसरू तिथं मुक्कामाला उतरले. एकाचं नाव निळोजी, दुसऱ्याचं कान्हदेव. दोघांनाही एकच वेड होतं. जमीन जिथं संपते, तिथवर जाऊन यायचं.

भाकरी खाता खाता बोलणं निघालं. निळोजी उत्तरेच्या टोकाला जाऊन आला होता. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, चरणाऱ्या गाईसारखा क्षितिजाच्या कडेकडेनं फिरत राहतो, आणि माणसं डोळ्यांवर लोकरीची पट्टी बांधून झोपतात, असं त्यानं सांगितलं. कान्हदेवानं दक्षिणेचं टोक पाहिलं होतं. तिथं एक निळा आणि एक मातकट असे दोन समुद्र भेटतात, आणि तो एकेक पाऊल एकेका समुद्रात ठेवून उभा राहिला होता. मग निळोजीनं सगळ्यांत उंचावरचं गाव सांगितलं, जिथं ढग दारातून आत येतात आणि चुलीपाशी विरून जातात. कान्हदेवानं सगळ्यांत खोल दरीतलं तळं सांगितलं. त्याचं पाणी इतकं खारं, की माणूस त्यावर बाजेवर पडावं तसा पडून राहतो.

धर्मशाळेतल्या ऐकणाऱ्यांचे डोळे जडावले. जागेपणीच स्वप्न पडावं तसं त्यांना वाटत होतं. सांगणारे दोघं मात्र मनात मापं काढत होते. कुणाचं टोक अधिक लांबचं? वाद मिटेना. अखेर ठरलं, की पश्चिमेचं टोक दोघांनीही पाहिलेलं नाही. दिवसाचं शेवटचं ऊन तिथल्या कातळावर पडतं म्हणतात. तिथं जो आधी पाय ठेवील, तो मोठा प्रवासी.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. शर्यत खरी, पण वाट एकच होती. त्यामुळे एकत्र चालणं झालं, एका भांड्यात शिजवणं झालं. महिने गेले. एकानं गाणं धरलं की दुसरा ते पुढं नेऊ लागला. एकाला ठेच लागली की दुसरा थांबू लागला. वाद कशावरून होता, ते दोघं अधूनमधून विसरूनही जात.

शेवटी खाडी आली. मऊ चिखल, धुकं, आणि धुक्यात एका पायावर उभे असलेले बगळे. तिथं एका कालवाच्या शिंपल्यानं कान्हदेवाचा तळपाय खोलवर कापला. दुपारपर्यंत पाय सुजला, अंगात ताप भरला. निळोजीनं त्याला आधार देत जवळच्या एका टेकाडावर नेलं आणि झुडपांच्या सावलीत निजवलं. समोर, फार दूर नाही, पश्चिमेचा तो कातळ दिसत होता.

निळोजी बराच वेळ घुटमळला. कान्हदेवानंच त्याचं मन ओळखलं.

"जा तू," तो म्हणाला. "आपल्यातला एक तरी पोचू दे."

निळोजीनं पाण्याचा बुधला त्याच्या उशाशी ठेवला. अंधार पडायच्या आत परत येतो म्हणाला, आणि निघाला.

तो कातळावर चढला तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. सारा समुद्र पिकल्या आंब्याच्या रंगाचा झाला होता. शेवटचं ऊन हळूहळू मागे सरत आलं आणि त्याच्या पावलांपाशी थांबलं. पुढं जमीन नव्हती. निळोजीच्या तोंडून शब्द निघाले, "कान्हा, बघ." तो वळला. मागे कुणीच नव्हतं.

कातळाखाली एक कोळीण जाळं आवरत होती. गोदूबाई तिचं नाव. तिनं विचारलं, की पाहुणे एकटेच आलात का? एक सोबती मागे टेकाडावर आहे, आजारी आहे, असं निळोजी म्हणाला. तिचे हात थांबले.

"आज पुनव आहे," ती म्हणाली. "चंद्र वर येईल तसं पाणी चढेल. ते टेकाड बुडतं."

निळोजी पायवाटेकडे धावला. तिनं त्याला अडवलं. खाडीत भरती शिरायला लागली होती, चालत गेला असता तर तोही बुडाला असता. तिनं होडी लोटली आणि दोघं तिच्यात चढले. भरतीनं होडी आत ओढून नेली. एका बाजूला आभाळ विझत होतं, दुसऱ्या बाजूला चंद्र उगवत होता, आणि निळोजी वल्हं मारता मारता कान्हदेवाला हाका घालत होता. उत्तर येत नव्हतं. आयुष्यात इतकी लांब वाट त्यानं कधी कापली नव्हती.

टेकाडाच्या माथ्यावरची झुडपंच तेवढी पाण्यावर उरली होती. कान्हदेव झुडपाचा बुंधा कवटाळून कमरभर पाण्यात उभा होता. दोघांनी त्याला होडीत ओढून घेतलं. त्यानं निळोजीचा हात धरून ठेवला.

गोदूबाईच्या झोपडीत तिच्या काढ्यांनी ताप उतरला. एका संध्याकाळी निळोजीनं कान्हदेवाला पाठीवर घेतलं आणि कातळावर नेलं. दोघं शेजारी बसले. शेवटचं ऊन आलं, दोघांच्या पावलांवर पडलं आणि गेलं.

"तू पहिल्यांदा आलास तेव्हा असंच होतं?" कान्हदेवानं विचारलं.

निळोजीनं आठवून पाहिलं. "ठाऊक नाही," तो म्हणाला. "मी मागे वळून तुला शोधत होतो."

कान्हदेवाचा पाय पुढं कायमचा अधू राहिला. परतीच्या वाटेवर निळोजी त्याच्या चालीनं चालला, आणि उरलेल्या आयुष्यात त्याहून भरभर कधी चालला नाही. कुणी विचारलं, की जगात सगळ्यांत लांबचं ठिकाण कोणतं, तर तो उत्तर-दक्षिणेचं नावही काढत नसे. खाडीतलं एक टेकाड आहे, एवढंच सांगे.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: जगाच्या टोकाला पोचणारा दूर जातो, पण मागे राहिलेल्यासाठी परत फिरणारा त्याहून दूर पोचतो.