फडके बांधलेला रांजण

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि माणसे त्यांचे ऐकत, तिथे सिंहकेतू राजा राज्य करीत होता. त्याने एका मांत्रिकाची गुहा लुटली. लुटीत खडीसाखरेचा हंडा होता. त्यातला एक खडा राजकन्या मृणालवतीने तोंडात टाकला आणि तिला शाप लागला. खाल्लेला घास तिच्या अंगात साखर होई आणि जेवताच तिला झोप लागे. पहिली झोप दिवसाची, मग आठवड्याची, मग महिन्याची. जागी झाली की भूक लागे, जेवली की पुन्हा झोपे. आईशी दोन शब्द बोलायलाही तिला सवड मिळत नसे.

राजाने धनेश पक्ष्याला उपाय विचारला.

"जांभळाचा शिरका," धनेश म्हणाला. "जेवणाआधी चमचाभर, पेलाभर पाण्यात. म्हणजे साखर अंगात सावकाश चालेल. तीन कामे कर. नागांच्या बनातली जांभळे आणून त्यांचा रस रांजणात भर. मांत्रिकाच्या गुहेतल्या जुन्या शिरक्यावर तरंगणारी साय आणून त्या रसात सोड. मग रांजणाच्या तोंडाला फडके बांध आणि शंभर दिवस वाट बघ."

राजा सात नागांशी झुंजला. गुहेतल्या मंत्राने त्याचा डावा हात दगडाचा झाला, तेव्हा उजव्या हाताने त्याने साय आणली. तिसरे काम नुसते बसून करायचे होते आणि नेमके तेच त्याला जमेना. राजाच तो. चौथ्या दिवशी त्याने फडके काढून रांजणावर झाकण बसवले, मेण ओतले, वर राजमुद्रा उठवली.

"महाराज, धनेशाने फडके सांगितले होते," राणी म्हणाली.

"फडक्याने कधी खजिना राखतात का?"

राणीने भांडायला हवे होते, असे मला अजूनही वाटते.

शंभर दिवसांनी मुद्रा फोडली. साय मरून तळाशी गेली होती. रसाची दारू झाली होती, शिरका झालाच नव्हता.

"त्याला वारा लागतो, राजा," धनेश म्हणाला. आता जांभळे वर्षानेच पिकणार होती.

त्या वर्षी मृणालवतीची झोप वर्षभराची झाली. राणी रोज तिच्या उशाशी बसे. थंडीत राणी तापाने गेली, तेव्हाही मुलगी झोपेतच होती.

राजाने तिन्ही कामे पुन्हा केली. या वेळी शंभर दिवस तो फडक्याला हात न लावता रांजणापाशी बसला. शिरका झाला. मुलगी जागी होताच त्याने पेला दिला, मग ताट वाढले. ती जेवली आणि तिचे डोळे उघडेच राहिले. शाप सुटला, हंड्यातली खडीसाखर विरून गेली, राजाचा हात हाडामांसाचा झाला.

"बाबा, झोप येत नाही," ती हसत म्हणाली. "आईला बोलवा. आज मला तिच्याशी पोटभर बोलायचे आहे."

राजा तिच्यासमोर जमिनीवर बसला. "आई गेली, बाळ. मी झाकण लावले नसते, तर तिच्यासोबतचे शेवटचे काही महिने तुला मिळाले असते."

पुढे राज्यात सारे सुरळीत झाले, घरोघरी शिरका होऊ लागला. मृणालवती वडिलांशी रोज बोले. आईविषयी मात्र त्या दोघांत पुन्हा कधी बोलणे झाले नाही.