मुंगीच्या गाडीचं चाक

एक होती मुंगी. एवढीश्शी!
तिची होती गाडी. लाकडाची, चार चाकांची.

आज होता दसरा. मुंगीला मिळाली एक बुंदी. केशरी केशरी, गोड गोड. बुंदी मोठी, मुंगी छोटी. म्हणून बुंदी बसली गाडीत. घरी मुंगीचं बाळ वाट बघत होतं. बाळाला लागली होती भूक. अश्शी भूक, की डोळ्यांत पाणी!

मुंगीने गाडी ओढली. खुटुक खुटुक, खुटुक खुटुक.

आणि काय झालं? एक चाक निसटलं! गडगड गडगड… थेट मोरीत. गुडुप!

गाडी झाली वाकडी. मुंगीला आलं रडू. पण रडून का चाक मिळतं? मुंगीने डोळे पुसले आणि निघाली पडवीत.

पडवीत होतं कुमुदकाकूंचं मशीन. काकूंनी घरीच जोडलेलं. काकू कॉम्प्युटरवर चित्र काढायच्या. मशीन लाकडातून तस्संच कापायचं. हत्ती, मोर, छोटी छोटी चाकं. मुंगीची गाडीही त्यानंच कापलेली.

तुरुतुरु तुरुतुरु, मुंगी गेली फळीकडे.
"फळीताई, फळीताई, एक चाक दे ना!
गाडी चालेना,
बाळाचं पोट भरेना!"
फळी म्हणाली, "मी नाही जा! आधी कटर कापेल, मग मी देईन."

तुरुतुरु तुरुतुरु, मुंगी गेली कटरकडे. कटरचं नाक टोकदार. बोलणंही टोकदार!
"कटरदादा, कटरदादा, काप ना!
फळी देईना,
गाडी चालेना,
बाळाचं पोट भरेना!"
कटर म्हणाला, "मी नाही जा! आधी मोटर फिरेल, मग मी कापेन."

तुरुतुरु तुरुतुरु, मुंगी गेली मोटरकडे.
"मोटरमावशी, मोटरमावशी, फिर ना!
कटर कापेना,
फळी देईना,
गाडी चालेना,
बाळाचं पोट भरेना!"
मोटर म्हणाली, "मी नाही जा! एका जागी फिरून काय करू? आधी पट्टा सरकेल, मग मी फिरेन."

तुरुतुरु तुरुतुरु, मुंगी गेली पट्ट्याकडे. पट्टा लांबच लांब. पडला होता सुस्त!
"पट्टेमामा, पट्टेमामा, सरका ना!
मोटर फिरेना,
कटर कापेना,
फळी देईना,
गाडी चालेना,
बाळाचं पोट भरेना!"
पट्टा म्हणाला, "मी नाही जा! ते बटण बघ, नुसतं ओरडतंय. आधी बटण सोडेल, मग मी सरकेन."

मशीनच्या कडेला होतं एक बटण. कटर सरकत सरकत कडेला आला, की बटण दबायचं. दबलं, की ओरडायचं, "थांब!" आज कटर मधोमध उभा. तरी बटण आपलं ओरडतंय, "थांब! थांब! थांब!"

तुरुतुरु तुरुतुरु, मुंगी गेली बटणाकडे.
"बटणराव, बटणराव, सोडा ना!
पट्टा सरकेना,
मोटर फिरेना,
कटर कापेना,
फळी देईना,
गाडी चालेना,
बाळाचं पोट भरेना!"
बटण म्हणालं, "मी नाही जा! माझ्या फटीत काहीतरी रुतलंय. आधी काकू काढतील, मग मी सोडेन."

तुरुतुरु तुरुतुरु, मुंगी गेली काकूंकडे. काकू बसल्या होत्या कपाळाला हात लावून. सकाळपासून त्यांनी सगळ्या वायरी बघितल्या. सगळे स्क्रू पिळले. मशीन ढिम्म!
"काकू, काकू, काढा ना!
बटण सोडेना,
पट्टा सरकेना,
मोटर फिरेना,
कटर कापेना,
फळी देईना,
गाडी चालेना,
बाळाचं पोट भरेना!"

"अगं बाई, बटण होय!" काकू म्हणाल्या. "आणि मी मेली वायरी उपसत बसले!"

काकूंनी लावला चष्मा. फटीत बघितलं. आत काय होतं? तांदूळ! लाल लाल कुंकवाचा तांदूळ!

काकूंनी जीभ चावली. काल होती खंडेनवमी. घरोघरी हत्यारांची पूजा. काकूंनी मशीनला घातला झेंडूचा हार. लावलं हळदकुंकू. आणि अक्षता? चांगल्या मूठभर उधळल्या! हौसेला मोल नाही.

काकूंनी बोट घातलं. बोट जाड, फट बारीक. जाईना!
काकूंनी फुंकर मारली. फू फू फू! तांदूळ हलेना!
"मी नाही गं बाई!" काकू म्हणाल्या. "आता कुणीतरी एवढंस्सं आत जाईल, तरच तांदूळ निघेल."

मुंगीने इकडे बघितलं. मुंगीने तिकडे बघितलं. एवढंस्सं कोण बरं? तुम्हीच सांगा!

"अय्या," मुंगी म्हणाली, "मीच की!"

फटीत होता अंधार. मुंगीला वाटली भीती. पण मुंगीला आठवलं बाळ. मग मुंगी शिरली आत.
ओढला तांदूळ. हलेना!
पुन्हा ओढला. हलेना!
पाय रोवले, दात आवळले, आणि ओढला… टुप्प!
तांदूळ बाहेर!

मग काय विचारता!
काकूंनी काढलं चाकाचं चित्र.
बटणाने सोडलं. टक्!
पट्टा सरकला. सर्रर्र!
मोटर फिरली. घुर्रर्र!
कटरने कापलं. कुर्रर्र!
फळीने दिलं चाक. गोल गोल, छोटं छोटं!
काकूंनी केलं, "फू!" आणि भुसा उडाला भुर्र.

"मुंगीबाई," काकू म्हणाल्या, "मशीन तू दुरुस्त केलंस. तांदूळही तुझाच हो."

गाडीला लागलं चाक. गाडीत बुंदी, बुंदीशेजारी तांदूळ. खुटुक खुटुक, खुटुक खुटुक, मुंगी आली घरी.

बाळ म्हणालं, "आई, किती गं उशीर!"
मुंगी म्हणाली, "काय करू बाळा? वाटेत एक तांदूळ होता."

बाळाने खाल्ली बुंदी. कुटुम कुटुम, कुटुम कुटुम. बाळाचं पोट झालं टुम्म!
बाळ शिरलं आईच्या कुशीत. बुंदी संपली, गोष्ट संपली.