डोंगरापलीकडची भट्टी

डोंगराच्या अलीकडच्या रानात, बाळांनो, सागाच्या ढोलीत एक खार राहायला आली होती. मोठी बोलघेवडी! चांगली गोष्ट कळली की चार जणांना सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. त्या वर्षी थंडी कडाक्याची होती. घरोघरी दगडी कोळशाच्या शेगड्या धुमसत आणि धुराने खारीचे पिल्लू सारखे खोकत असे. अशात कोल्हा रबरी पिशव्यांतून एक वायू घेऊन आला. "याला हायड्रोजन म्हणतात," तो म्हणाला. "पेटवा आणि खुशाल शेकत बसा. ना धूर, ना राख. जळून होतं ते फक्त पाणी."

नवे जळण आले की त्याच्या जाळावर गार दगड धरून पाहायचा, अशी त्या रानाची रीत होती. दगड कोळशाच्या जाळाइतकाच काळा झाला की जळण परत. खारीने दगड धरला, तर त्यावर काजळीचा ठिपकाही नाही. नुसते स्वच्छ पाण्याचे थेंब! ज्योत इतकी फिकट की अस्वलाने ती न दिसल्यामुळे कानाचे केस पोळून घेतले. पण आठ दिवसांत पिल्लाचा खोकला पळाला. मग काय विचारता! खारीने झाडोझाडी जाऊन कोल्ह्याच्या वायूचे गुण गायले आणि बिळाबिळांत पिशव्या पोचल्या.

हीच बातमी सांगायला ती डोंगरापलीकडे आपल्या मैत्रिणीकडे, साळुंकीकडे गेली. तिथे डोळे उघडवेनात इतका धूर. साळुंकीचे पिल्लू चोच वासून कसाबसा श्वास घेत होते. घरट्याखालीच कोल्ह्याची भट्टी पेटलेली होती.

"हे काय चाललंय?" खारीने विचारले.

"तुमचाच वायू करतोय," खोकत खोकत कोल्हा म्हणाला. "कोळसा लाल तापवायचा, त्यावर वाफ सोडायची, की हायड्रोजन सुटतो. तुमच्याकडे धूर होणार नाही म्हणालो होतो. इथं होणार नाही असं कुठं म्हणालो?"

खारीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सगळ्यांनी जाळावर दगड धरला होता. भट्टीपर्यंत कोणीच आले नव्हते. साळुंकीने मात्र एवढेच विचारले, "तुझं पिल्लू बरं आहे ना गं?"

खार तशीच धबधब्यावर पाणमांजराकडे धावली. तेही हा वायू करते, असे तिने ऐकले होते. त्याने पाण्याच्या धारेखाली चाक बसवले होते. चाक फिरे, त्यावर वीज तयार होई, आणि त्या विजेच्या दोन तारा पाण्यात सोडल्या की एकीपाशी हायड्रोजनचे बुडबुडे येत, दुसरीपाशी ऑक्सिजनचे. धुराचे नाव नाही. "वायू तोच आहे," पाणमांजर म्हणाले, "पण दिवसाला एकच पिशवी भरते. साऱ्या रानाला कशी पुरणार?"

संध्याकाळी अलीकडच्या रानात सभा भरली आणि खारीने पाहिलेले सारे सांगितले. अस्वल गुरगुरले, "एका पिशवीत कोण कोण शेकणार? पलीकडच्या धुराचं आपल्याला काय?"

खार पुढे झाली. "दादा, माझं पिल्लू बरं झालं ते साळुंकीच्या पिल्लाचा श्वास कोंडून. चूक माझी आहे, मीच रानभर सांगत फिरले. आजपासून माझी शेगडी बंद. पाणमांजराची एक पिशवी मधोमध पेटवू या. मी पिल्लाला घेऊन तिथं बसेन. ज्यांना यायचं त्यांनी यावं."

पहिल्या दिवशी ससा आला. दुसऱ्या दिवशी हरणे आली. तिसऱ्या दिवशी अस्वलही कुरकुरत आले, आणि त्याच्या केसाळ पाठीने वारा अडल्यामुळे सगळ्यांनाच जास्त ऊब मिळाली. कोल्ह्याच्या पिशव्या घ्यायला कोणी उरले नाही, तेव्हा भट्टी विझली. पुढच्या आठवड्यात साळुंकी आली ती पिल्लाला सोबत घेऊन. डोंगर ओलांडून ते स्वतःच्या पंखांनी उडत आले होते. खार रडत रडत बाजूला सरकली आणि तिने त्याला आपल्या पिल्लाशेजारी जागा करून दिली.

तात्पर्य : आपल्या घरात धूर नाही म्हणून कोणतीही वस्तू स्वच्छ ठरत नाही, ती जिथे तयार होते तिथल्यांचा श्वासही मोकळा असावा लागतो.