वीतभर उणी भिंत

उंबरमाळच्या ठाकरवाडीत आलात, तर आधी भिंतीला तळहात लावून बघा. बाहेर वैशाख पेटलेला, आणि भिंत रांजणासारखी गार. आता वर बघा. भिंत छपराला टेकतच नाही, मध्ये वीतभर फट आहे. पाहुणे हसतात, गवंडी काम टाकून पळाला का म्हणून विचारतात. हसा खुशाल, पण ऐकून जा.

फार मागे, असं सांगतात, पौषात वणवा उतरला आणि ठुमीची झोपडी जळाली. नवरा आधीच गेलेला, पदरात तान्हं पोर. शेजाऱ्यांनी तिला घरात घेतलं. पण तेव्हा भिंती छपराला भिडलेल्या असायच्या. चुलीचा धूर आत कोंडायचा आणि पोर काळंनिळं पडायचं. बाहेर न्यावं तर हाडं गोठवणारी थंडी. तिला स्वतःचं घर हवं होतं, नाहीतर पोर हातचं जाणार होतं.

आमची भिंत कारवीच्या काठ्यांची, वरून शेणमातीचं लिंपण. कारवी सात वर्षांनी फुलते. फुलून बी सांडल्याशिवाय तिला कोयता लावायचा नाही, ही डोंगरदेवाची आण. बहर तर अजून लांब होता.

वाडीचा म्होरक्या लहानू म्हणाला, "पोरापरीस आण मोठी न्हाई. तोडू हिरवीच."

ठुमी म्हणाली, "नगं बाबा. आज माझी भिंत व्हईल, उद्या कुनाचीच व्हनार न्हाई."

लहानू घरी गेला आणि स्वतःच्याच भिंतीचा माथा त्यानं वीतभर छाटला. ते पाहून घराघरातून कोयते निघाले. बायकांनी चिखल तुडवला, त्यात छाटलेल्या काठ्यांचे तुकडे थरावर थर रचून ठुमीची भिंत उभी केली. छपराला वीतभर उरलं आणि काठ्या संपल्या. तसंच राहू दिलं. ठुमीनं चूल पेटवली, तर धूर त्या फटीतून सरळ वर गेला आणि पोर शांत झोपलं. म्हणे सारी वाडी दारात उभी राहून रडली.

आणि पुढच्या श्रावणात, बहराची पाळी नसताना, पायथ्यापासून माथ्यापर्यंत अख्खा डोंगर कारवीच्या फुलांनी निळा झाला. हे सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

आजही इथं नवं घर उभं राहतं, तेव्हा घराघरातून कारवी येते. भिंतीचं मोल कुणी घेत नाही. सरकारी घरकुलं आली, तेव्हाही बायकांनी गवंड्याला अडवून वर वीतभर जागा सोडायला लावली.

तेव्हा भिंत अपुरी आहे असं म्हणू नका. तिची वीत ठुमीच्या घराला गेली आहे.