पोशीची वाट

धावरे बंदराकडे जाणारा रेल्वेचा बांध खाडीच्या आरपार ताणलेल्या दोरीसारखा सरळ गेला आहे. फक्त एका ठिकाणी तो तुटतो. तिथे एक मचवा जेमतेम जाईल एवढी फट आहे, वरून लोखंडी पूल आणि फटीच्या तोंडाशी एक काळा, बसका दगड. निवटे कोळीवाड्याचे गणा तांडेल पाहुण्यांना आधी इथे आणतात, देवळात मागाहून नेतात. "देव कुठं जात नाय," ते म्हणतात, "पन भरती आली का दगर दिसायचा नाय." मग पाहुण्यांना उन्हात उभे करून ते ही हकिगत सांगतात.

फार वर्षांपूर्वी, गोऱ्या साहेबाच्या अमदानीत, समोरच्या बेटावर गोदी बांधायचे ठरले. गोदीपर्यंत आगगाडी न्यायची म्हणून खाडीत दगडमातीचा बांध घालायला घेतला. काम पाहणाऱ्या इंजिनिअराला सगळे बांधसाहेब म्हणत. त्याचे खरे नाव आता कोणाला आठवत नाही. माणूस वाईट नव्हता म्हणे, पण कागदावर ओढलेली रेघ मोडायची म्हटली की त्याच्या पोटात दुखे. आणि त्या रेघेने खाडीचे तोंड पार बंद होत होते. निवटे वाडा आतल्या अंगाला, दर्या बाहेरच्या. मचवे बाहेर जायचे कुठून?

वाड्यातली माणसे साहेबाकडे गेली. साहेबाने त्यांना बसवून घेतले, बंदर झाल्यावर सगळ्यांना हमाली मिळेल असे सांगितले आणि पानसुपारी देऊन वाटेला लावले. धर्मा नाखव्याची बायको पोशी त्यांत होती. तोंडाची फटकळ, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात उभी राहिली तर दलालही दोन पावले मागे सरत. ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "पान खाऊन आलाव आपन. दर्या गेला नि पान आला."

बांध दोन्ही काठांकडून पुढे येत मधोमध आला, पण शेवटचे तोंड काही मिटेना. दर उधाणाला तेवढाच भाग वाहून जाई. बांधावर घाटावरचे कामाठी होते. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली की खाडी बळी मागते. नेमके त्याच वेळी सरकारी डॉक्टर देवी टोचायला आला. ज्या झोपडीतली माणसे टोचून झाली, तिच्या दारावर तो चुन्याची फुली काढून गेला. झाले! साहेबाने बळीची घरे निवडली, अशी हाकाटी उठली. एका रात्रीत निम्म्याहून अधिक बिऱ्हाडे तवे-परातींसह घाट चढून गेली. मागे राहिलेल्यांच्या दारावर फुली नव्हती, एवढेच.

सर्वपित्री अमावस्या तोंडावर आली होती. वर्षातले मोठे उधाण त्या दिवशी येते. तोवर बांधाची दोन्ही टोके दगडांनी बळकट झाली नाहीत, तर वर्षभराचे काम खाडी गिळणार हे उघड होते. वाडा खूश झाला. पोशी मात्र खूश झाली नाही. "बांध व्हाऊन गेला त साएब परत बांधील," ती पंचांना म्हणाली, "आज त्याला मानसा नाय. आज त्यानं शबुद दिला त दिला. उद्या त्याला आपली गरज उरनार नाय."

ती साहेबाकडे गेली. वाडा बांधाला हात देईल, पण एका मचव्याची वाट उघडी ठेवायची, असा तिचा सौदा होता. साहेबाने दुभाष्याकरवी उत्तर दिले, "बघू." पोशीने जन्मभर बाजारात गिऱ्हाईक पाहिले होते. 'बघू' म्हणणारे गिऱ्हाईक परत येत नाही, हे तिला पुरते ठाऊक होते.

अमावस्येच्या सकाळी, पाणी ओसरलेले असताना, ती बांधाच्या उघड्या तोंडात उतरली आणि मधल्या काळ्या दगडावर पदर खोचून बसली. कामाठ्यांना ओरडून म्हणाली, "खारीला बळी पायजे ना? ही मी बसलंय."

साहेबाने तिला उचलायचा हुकूम सोडला. एकही कामाठी पुढे होईना. खाडीला वाहिलेल्या बाईला हात लावणार कोण? चुन्याच्या फुलीने पळालेली ती माणसे. बसलेल्या बळीला उठवण्याची त्यांची छाती नव्हती. साहेब स्वतः खाली उतरला, तर पोशीने त्याच्याकडे असे पाहिले की तो टोपी सावरत उभाच राहिला. तिने एकच विचारले, "वाट हाय?" साहेब वळून बांधावर चढला. आणि भरती लागली.

धर्मा नाखवा वाड्यातून धावत आला तेव्हा पाणी तिच्या कमरेला लागले होते. त्याने बायकोला हाका मारल्या, शिव्या दिल्या, हात जोडले. ती हलली नाही. तो मागे फिरला. बांधावर रचलेले दगड त्याने आपल्या मचव्यात भरले, मचवा दर्याच्या अंगाने पोशीच्या पुढ्यात आणला आणि तळाची फळी कुऱ्हाडीने फोडली. मचवा जागीच बसला. लाटेचा पहिला मार त्याने घेतला. ते पाहून बाकीचे नाखवे उठले. एकामागून एक मचवे दगडांनी भरून दोन्ही बाजूंना बुडवले गेले. मध्ये तेवढी पोशीची जागा राहिली, कारण तिथे दगड टाकणार कोण?

दुपारी उधाण भर आले. पाणी पोशीच्या गळ्याशी लागले. पण बुडालेल्या मचव्यांनी बांधाची दोन्ही टोके धरून ठेवली, आणि त्या मधल्या फटीतून खाडी आत शिरत राहिली. तिला वाट मिळाली म्हणून ती भांडली नाही, असे तांडेल सांगतात. वाड्यातल्या बायका म्हणतात, दर्यादेवीने पोशीला ओळखले. काही का असेना, दगड हलला नाही. साहेब बांधाच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभा राहून ते पाहत होता. शेवटी सगळ्यांच्या देखत, आपल्या मोडक्या मराठीत, तो मोठ्याने म्हणाला, "हाय. वाट हाय."

तेव्हा पोशी उठली. पाय बधिर झालेले. धर्माने तिला खांद्यावर घेतली. बांधावर टेकल्यावर तिला बुडालेले मचवे दिसले आणि ती नवऱ्यावर कडाडली, "मचवं बुरवलंस? मंग मी वाट कोनासाठी मागितली रं?"

"तू गेली असतीस," धर्मा म्हणाला, "त ती वाट मला कशाला पायजे होती?"



साहेबाने रुळांखाली घालायला आणलेले सागवान वाड्याला दिले. त्यातून नवे मचवे झाले. कागदावरच्या रेघेत एक फट आली, फटीवर पूल आला आणि पुलावरून गाडी गोदीत गेली.

आजही सर्वपित्री अमावस्येला, भरती लागायच्या आधी, वाड्यातली सर्वांत वयस्क बाई त्या दगडावर जाऊन बसते. मचवे मागे थांबतात. पुलाच्या अलीकडे मालगाडी सिग्नलला उभी असते. बाई वर पाहून विचारते, "वाट हाय?" उत्तर रेल्वेच्याच माणसाने द्यायचे असते, साहेबाने दिले होते म्हणून.

मागे एकदा नवीन बदलून आलेला इंजिनिअर आला होता. बंदर वाढवण्याची बोलणी तेव्हा चालू होती. त्याने हसत उत्तर दिले, "आहे आजी, सध्या तरी आहे." उठायला लागलेली म्हातारी परत खाली बसली. गाडी शिट्या देत राहिली. पाणी तिच्या घोट्यांवरून वर चढू लागले, आणि बांधावरचा एकही माणूस तिला ऊठ म्हणाला नाही. इंजिनिअराने एकदा गाडीकडे पाहिले, एकदा पाण्याकडे. मग डोक्यावरची टोपी काढली.

"हाय," तो म्हणाला.

म्हातारी उठली, आणि मचवे दर्यात निघाले.