मिश्रीची डबी

"मग डबी कुणाची, आक्का?"

इंदुमतीबाईंनी विचारलं राहीआक्कांना, पण डोळे ठकूबाईकडे होते.

ठकूबाई मठीच्या पडवीत चुलीपुढे बसून तव्यावर तंबाखू भाजत होती. काळी होईस्तोवर भाजायची, मग कुटून मिश्री करायची. डोळ्यांत धूर गेला तरी बाई हटत नसे. तो तवा आपल्या हाती एकदाही आला नाही, हे इंदुमतीबाईंना सलत होतं.

त्या निवृत्त मुख्याध्यापिका. आक्का अंथरुणाला खिळल्यापासून मठीतलं निरूपण त्याच करत. लोक माना डोलवत. ठकूबाईला तर अक्षर येत नव्हतं.

आणि तरीही रोज सकाळी आक्का आपली पितळी डबी उघडून चिमूटभर मिश्री ठेवत, ती ठकूबाईच्या तळव्यावर. मठीत त्याचा अर्थ एकच होता. ही माझी. मग दोघी दात घासत बसत आणि काळ्या तोंडांनी कशावर तरी खुदुखुदु हसत. इंदुमतीबाईंनी हात पुढे केला की आक्का झाकण लावत.

"तुला नको."

एवढंच. दर वेळी.

जिला डबी मिळेल तिची मठी, हे सगळे धरून चालले होते. आणि आक्का आता फार दिवसांच्या नव्हत्या. गालाच्या आतल्या जखमेनं त्यांना पेजसुद्धा गिळवत नव्हती. डॉक्टरांनी कर्करोग सांगितला होता.

"ठकूची असेल तर सांगून टाका. उद्यापासून मी येत नाही."

"रुसलीस?"

"मी कशाला रुसू? ती लाडकी. ती तुम्हाला अगं-तुगं करते. मी आपली अहो-जाहो करत दाराशी उभी."

आक्का हसल्या. हसताना गाल धरला.

"ठके, इकडं उजेडात ये. तोंड उघड... इंदू, बघ आत."

इंदुमतीबाई नाखुशीनं वाकल्या. मिश्रीचं बोट रोज जिथं फिरायचं तिथं, गालाच्या आतून, पांढरा चट्टा होता. दुधाचा ओघळ वाळावा तसा.

"आता माझं बघ."

त्यांनी बघितलं आणि मान फिरवली.

"माझंही आधी असंच पांढरं होतं. दुखत नव्हतं."

"मलाबी दुखत नाही," ठकूबाई म्हणाली. "उगं घाबरवू नकोस. मिश्रीनं दात घट्ट राहतात."

"माझ्या सासूनं मला हेच सांगितलं. दुकानदारानं तिला हेच सांगून विकली. भाजली की विष जळून जातं म्हणे." आक्कांना धाप लागली. "तोंडं आमची जळाली. त्याचं दुकान चालू आहे."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"तू इथं यायच्या आधी. एक डॉक्टरीण सांगून गेली होती."

"म्हणून मला दिली नाहीत."

"म्हणून."

इतकी वर्षं इंदुमतीबाई त्या झाकणाकडे बघून जळल्या होत्या... पण मत्सर एवढ्यानं उतरत नाही. तो लगेच दुसऱ्या वाटेनं आला.

"मग हिला का देत राहिलात? ही तर लाडकी."

आक्का ठकूबाईच्या तळव्याकडे बघत राहिल्या.

"सांगा ना."

"ती सकाळी हात पुढं करायची... तो रिकामा ठेववेना."

"म्हणजे माहीत असून विष दिलंत?" मुख्याध्यापिकेचा आवाज चढला. "कशासाठी? हसायला सोबत हवी म्हणून?"

"हो."

तव्यावरची तंबाखू करपली. कुणी उठलं नाही.

आक्कांनी कमरेची डबी काढली आणि इंदुमतीबाईंच्या हातात ठेवली. डबी अजून अंगाच्या उबेची होती. हीच हवी होती त्यांना. आता ती कुठं ठेवावी कळेना.

"हिला उद्या दवाखान्यात ने. आणि सकाळी ती हात पुढं करील. रडेल, शिव्या देईल, माझी शपथ घालील. द्यायची नाही."

"त्यापेक्षा फेकूनच देते."

"फेकलीस तर ती बाजारातून आणील. स्वतः भाजते तरी माझ्या हातूनच घेते; डबी आहे तोवर डबीवालीकडंच मागेल."

ठकूबाई उसळून उठली.

"आक्का, हिच्याकडं दिलीस? ही मेली तरी मला चिमूटभर द्यायची नाही. पहिल्यापासून जळते माझ्यावर."

इंदुमतीबाईंचा चेहरा उतरला. ठकूबाई खोटं बोलत नव्हती.

"ऐकलंत? गावही हेच म्हणेल. जळते म्हणून देत नाही."

"म्हणू दे. जळतेसच तू."

"मग मला कशाला देता, आक्का? कुणातरी चांगल्या मनाच्या बाईकडे द्या."

आक्कांनी गालावर हात दाबून धरला.

"चांगल्या मनाची मी होते की."